गुणांखेरीजच्या नोंदी : वर्गशिक्षकाने त्या कशा वाचाव्यात आणि कशा वापराव्यात

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात नागपुरातील कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत डोकावले, तर बहुतेक शिक्षक मुलांची माहिती भरताना दिसतात. जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा व्यवसाय, घरची भाषा, प्रवर्ग, दिव्यांगत्व, उंची आणि वजन यांचे रकाने राज्याच्या सरल आणि केंद्राच्या यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालींसाठी भरले जातात. त्याखेरीज हजेरीपट रोज भरला जातो, पोषण आहाराची लाभार्थी संख्या रोज कळवली जाते आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन गेले की तपासणीचे तक्ते तयार होतात. ही सगळी माहिती शाळेतून वर जाते, पण वर्गात परत येत नाही. ज्या शिक्षकाने ती स्वतःच्या हाताने भरली, त्यालाच डिसेंबरमध्ये विचारले, की तुमच्या वर्गातील कोणती मुले दर महिन्याला दोन-तीन दिवस नेमाने गैरहजर असतात, तर उत्तर बहुधा अंदाजाने मिळते.

गुण आणि श्रेणी वगळून मुलाबद्दल शाळेकडे असलेली ही माहिती वर्गातील रोजच्या निर्णयांसाठी कशी वापरावी, याची पद्धत येथे सांगितली आहे. ती पहिली ते आठवीच्या वर्गशिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण वेळापत्रक, बैठकव्यवस्था आणि पालकभेट या तीन गोष्टी त्यांच्या हातात बऱ्याच अंशी असतात.

आधी निर्णय, मग नोंद

पहिले काम म्हणजे आपल्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढणे. ‘वर्गातील मुलांची सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे’ हा निर्णय नव्हे. ‘वाचनाचा तास पहिला ठेवावा की तिसरा’, ‘पुढच्या पंधरवड्यात कोणत्या पाच घरी जावे’, ‘सहामाहीनंतर कोणाला फळ्याजवळ बसवावे’, हे निर्णय होत. एकदा निर्णय असा नेमका लिहिला, की त्यासाठी कोणती माहिती लागते आणि कोणती लागत नाही, हे आपोआप ठरते. बैठकव्यवस्थेसाठी डोळ्यांच्या व कानांच्या तपासणीचा निष्कर्ष लागतो, वडिलांचे उत्पन्न लागत नाही. गृहभेटीसाठी गैरहजेरीचा नमुना लागतो, प्रवर्ग लागत नाही.

ज्या नोंदीमागे निर्णय नाही, ती नोंद शिक्षक-खोलीत चहासोबत चघळली जाते आणि ‘त्या घरचीच मुले तशी’ अशा वाक्यात संपते. म्हणून जमवलेल्या माहितीच्या ढिगाकडे पाहून आता हिचे काय करावे, असा विचार करू नये. क्रम उलटा ठेवावा.

हजेरीपट

सर्वांत विश्वासार्ह आणि सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज हजेरीपट हाच होय. त्यातील टक्केवारी मात्र फसवी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस अपेक्षित आहेत. सातवीतील दोन मुलांची हजेरी वर्षाअखेर ८५ टक्के भरली, म्हणजे दोघेही ३३ दिवस गैरहजर होते. त्यांपैकी एक मुलगा दिवाळीनंतर घरच्यांबरोबर सलग ३३ दिवस गावी गेला असेल आणि दुसरा दर महिन्याला तीन-चार दिवस निसटत राहिला असेल, तर आकडा सारखाच दिसला तरी दोघांची गरज वेगळी असते. पहिल्याला सुटलेला भाग भरून देणारी दोन-तीन आठवड्यांची तयारी हवी. दुसऱ्याच्या घरी किंवा शाळेत काहीतरी असे आहे जे पुनःपुन्हा घडते, आणि ते शोधल्याखेरीज कितीही जादा तास घेतले तरी उपयोग नाही.

यासाठी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हजेरीपट घेऊन पंधरा-वीस मिनिटे बसावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. एकूण किती दिवस गेले, ते कोणत्या वारी गेले आणि सलग गेले की तुटक गेले. कामाच्या दिवसांपैकी दहा टक्के दिवस बुडाले, की मुलाकडे लक्ष देण्याची वेळ आली, असे मोजमाप जगभर बऱ्याच ठिकाणी वापरतात. आपल्या हिशेबात ते वर्षाला वीस-बावीस दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोन दिवस इतकेच होते. महिन्याला दोन दिवसांची गैरहजेरी कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच ती मोजावी लागते. उशिरा येणाऱ्यांसाठी हजेरीपटात रकाना नसतो. त्यांच्यासाठी वेगळ्या वहीत फक्त तारीख आणि आल्याची वेळ लिहावी, त्यापुढे शेरा लिहू नये.

शेरा लिहू नये, असे म्हणण्यामागे माझाच एक जुना प्रमाद आहे. शहराच्या कडेला वाढलेल्या एका लेआउटमधून येणारी पाचवीतील एक मुलगी वरचेवर उशिरा येत असे. मी तिच्या वर्णनात्मक नोंदीत ‘वक्तशीरपणाचा अभाव, बेजबाबदार’ असे लिहून टाकले होते. पुढे कधीतरी तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या, तेव्हा ती एक दिवसाआड उशिरा येते, हे दिसले. आळसाला असे वेळापत्रक नसते. तिच्या आईला विचारल्यावर उत्तर मिळाले, “सर, एक दिवसाआड टँकर येते ना. मी कामावर निघून जातो, पोट्टीच पाणी भरते.” त्या वर्षी मी भाषेचा वाचनाचा तास पहिल्याऐवजी तिसरा केला आणि पहिल्या तासाला चित्रकला व कार्यानुभव ठेवले. टँकरची वेळ बदलणे माझ्या हाती नव्हते, पण तासांचा क्रम होता.

नमुना दिसला, की त्यावर स्थानिक दिनदर्शिका ठेवून पाहावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारी भागातील वर्ग विरळ होणारच. श्रावणात नागद्वारच्या यात्रेला जाणारी कुटुंबे आहेत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी बाहेरगावचे पाहुणे उतरतात, छठपूजेला काही मुले दोन दिवस येत नाहीत. ही गैरहजेरी वर्षात ठरलेल्या दिवशी येते आणि जाते. तिच्यासाठी पालकांना चिठ्ठी पाठवण्याची गरज नसते, फक्त त्या दिवशी नवा घटक सुरू करू नये आणि चाचणी ठेवू नये.

ग्रामीण भागातील गोष्ट वेगळी आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा तोडा, सर्वत्र सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागोमाग कापसाची वेचणी, रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, ही कामे घरातील मोठ्या मुलांनाही सोबत ओढून नेतात. वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर दाखल होणारी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. येथे वर्गशिक्षकाचा निर्णय केवळ अध्यापनाचा राहत नाही. सहा ते चौदा वयोगटातील मूल सलग महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहिले, तर राज्याच्या व्याख्येनुसार ते शाळाबाह्य ठरते, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसण्याची सोय करता येते. मूल निघून गेल्यावर हे कळून उपयोग नाही. मागील दोन वर्षांचे हजेरीपट काढून पाहिले, तर या वर्षी कोण केव्हा जाणार, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो आणि दसऱ्याच्या सुमारासच पालकांशी बोलता येते.

वर्तनाच्या नोंदी

हजेरीत निदान हजर आणि गैरहजर एवढेच लिहिता येते. वर्तनाच्या नोंदीत शिक्षकाचा मूड, त्या दिवशीचा उकाडा आणि मुलाचे आडनाव, सगळे शाईत मिसळते. म्हणून विशेषणे टाळण्याचा नियम येथे कसोशीने पाळावा. ‘आक्रमक आहे’ असे न लिहिता ‘मंगळवार, पाचवा तास, रांगेत धक्का लागल्यावर शेजाऱ्याची वही फेकली’ असे लिहावे. तारीख, वेळ, जागा, आधी काय घडले आणि नंतर काय झाले, इतके पुरते. अशा सहा-सात नोंदी जमल्या, की त्या वेळेनुसार लावून पाहाव्यात. मधल्या सुट्टीच्या आधीच सगळ्या घटना घडत असतील, तर मूल सकाळी खाऊन येते का, हे विचारावे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना याची माहिती शिक्षकांपेक्षा अधिक असते. कोण पहिल्या घासापासून भरभर खातो, कोण ताट पुढे करून दुसऱ्यांदा मागतो आणि कोण डबा भरून घरी नेतो, हे त्या रोज पाहतात. एकाच विषयाच्या तासाला घटना घडत असतील, तर प्रश्न मुलापेक्षा त्या तासाचा असू शकतो, आणि तो तास आपलाही असू शकतो, हे मान्य करण्याची तयारी हवी.

अमेरिकेत फिलाडेल्फियातील सहावीच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असे दाखवले होते, की कमी हजेरी, वर्तनाबद्दलचा प्रतिकूल शेरा आणि गणित किंवा भाषेतील नापास श्रेणी या खुणांवरून पुढे शाळा सोडण्याचा धोका बराच आधी ओळखता येतो. त्यातून आपण उचलण्यासारखी गोष्ट एवढीच आहे, की हजेरी आणि वर्तन यांना गुणांच्या बरोबरीने पाहावे. तेथील मर्यादा आणि आकडे जसेच्या तसे येथील वर्गाला लावू नयेत, कारण त्या शाळा, तेथील वये आणि शाळा सोडण्याची कारणे निराळी आहेत.

गप्प मुलांची नोंद कोणीच ठेवत नाही, याचाही येथे उल्लेख करायला हवा. खोडकर मुलाच्या नावावर पानेच्या पाने भरतात, तर महिनाभर एक शब्द न बोललेली मुलगी ‘शांत, गुणी’ ठरते. महिन्यातून एकदा वर्गाची यादी समोर ठेवून प्रत्येक नावापुढे ‘या आठवड्यात मी हिच्याशी शेवटचे काय बोललो’ हे आठवून पाहावे. जेथे काहीच आठवत नाही, ती नावे पुढील आठवड्यासाठी वेगळी काढावीत.

आरोग्याच्या नोंदी आणि विदर्भातील एक विशेष बाब

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार बाजूंनी ते तपासणी करते आणि पुढील उपचारांसाठी मुलांना पाठवते. तपासणीनंतर शिक्षकाने विचारायचा प्रश्न असा, की ज्या मुलांना पुढे पाठवले त्यांपैकी खरोखर कोण गेले. चष्म्याचा नंबर निघालेल्या मुलाला चष्मा मिळेपर्यंत पुढच्या बाकावर बसवणे, हा त्याच दिवशी घेता येणारा निर्णय आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

विदर्भात मात्र आरोग्याच्या रकान्यात एक गोष्ट अधिक जाणीवपूर्वक पाहावी लागते आणि ती म्हणजे सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तदोष आपल्या भागात अनेक समाजांत आढळतो. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे रुग्ण, हे शब्द येथील पालकांच्या तोंडी असतात. वाहक मुलाला सहसा काही त्रास नसतो आणि त्याच्यासाठी वर्गात वेगळे काही करावे लागत नाही. एसएस असलेल्या मुलाच्या हातापायांत, पाठीत, पोटात एकाएकी तीव्र वेदना उठतात. थंडी, अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. म्हणजे नागपूरचा डिसेंबर-जानेवारीतील गारठा आणि मार्चपासून चढणारे ऊन, हे दोन्ही काळ अशा मुलांना जड जातात, आणि हजेरीपटावर त्याच महिन्यांत खाडे दिसतात. दिवाळीपर्यंत उत्तम असलेले मूल जानेवारीत ‘अभ्यासात मागे पडले’, असा शेरा लिहिण्यापूर्वी हा नमुना तपासावा.

निदान माहीत असेल, तर शिक्षकाने पुढील निर्णय स्वतःच घ्यावेत. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. पाणी जास्त प्यायचे म्हणजे लघवीलाही वारंवार जावे लागते, त्यामुळे त्या मुलाला दर वेळी हात वर करून परवानगी मागायला लावू नये. हिवाळ्यात गणवेशाच्या रंगाचा नसला तरी स्वेटर घालू द्यावा. उन्हातील परिपाठात किंवा दीर्घ कवायतीत उभे करू नये, पण खेळातून पूर्णपणे वगळूही नये. दमल्यावर थांबण्याची मुभा पुरते आणि किती श्रम झेपतील, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पालकांमार्फत विचारावे. ताप आला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा वेदना उठल्या, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता पालकांना बोलवून दवाखान्यात पोहोचवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि परीक्षेतील सवलती यांबाबत मुख्याध्यापकांमार्फत वेळेत विचारणा करावी. नववीच्या अखेरीस धावपळ करण्यापेक्षा सातवीत कागद तयार असणे बरे.

ही माहिती वर्गात उघड होता कामा नये. सिकलसेलचे नाव निघाले, की आपल्याकडे मुलीच्या लग्नापर्यंत चर्चा जाते, आणि ती चर्चा शाळेतून सुरू झाली तर पालक पुन्हा कधीही खरे सांगणार नाहीत.

घरची माहिती

येथे थोडक्यात एवढेच सांगावेसे वाटते, की घरच्या माहितीवरून सोय करावी, पात्रता ठरवू नये. घरी छत्तीसगढी, हिंदी, गोंडी किंवा उर्दू बोलणारे मूल पहिलीत मराठी सूचना ऐकून गोंधळते, ही माहिती सूचना देण्याच्या पद्धतीसाठी वापरावी. तिच्यावरून मुलाला ‘कच्च्या’ गटात टाकू नये. पालक दिवसभर मजुरीवर असतील, तर पालकसभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी. घरी एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांसोबत हिंगण्याच्या कारखान्यात जातो, हे माहीत असेल, तर व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवून ‘का केला नाही’ असे विचारण्याला अर्थ उरत नाही. प्रवर्ग, उत्पन्न आणि शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के आरक्षणातून झालेला प्रवेश, या तीन गोष्टी वर्गातील कोणत्याही अध्यापनविषयक निर्णयात येण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. शिष्यवृत्ती आणि सवलती मिळवून देण्यासाठी त्या लागतात, तेवढ्यापुरत्याच वापराव्यात.

निर्णयापूर्वीची विचारपूस

नोंदीतून दिसणारा नमुना हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर मुलाकडून, घरून आणि मुलाला पाहणाऱ्या आणखी एका मोठ्या माणसाकडून मिळवावे. हा तिसरा माणूस खेळाचे शिक्षक, शिपाईकाका किंवा ऑटोवाले काका असू शकतात. मुलाशी बोलताना वर्गासमोर बोलू नये आणि ‘का’ने सुरुवात करू नये. ‘तू उशिरा का येतोस’ याला ‘सर, चुकलं’ एवढेच उत्तर येते. ‘सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय करतोस, ते सांग बरे’ असे म्हटले, की सगळी सकाळ समोर येते. पालकांशी बोलतानाही आधी मुलाची एक चांगली गोष्ट, मग आपण पाहिलेल्या तारखा, मग ‘तुम्हाला काय वाटते’ हा प्रश्न, असा क्रम ठेवावा. शाळेतून फोन आला म्हणजे तक्रारच असणार, अशी पालकांची समजूत असते, आणि ती आपणच करून दिलेली आहे.

एका बाबतीत मात्र ही विचारपूस करू नये. नोंदीतून किंवा मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर चौकशी करत बसण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, पुन्हा पुन्हा विचारू नये, आणि मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नये. मुलाला इतर मदतीची गरज असेल, तर १०९८ हा बालमदत क्रमांक आहे.

उत्तर मिळाल्यावर एकच बदल करावा आणि तो किती दिवसांसाठी आहे, हे तारखेसह लिहावे. चार आठवडे पुरेसे असतात. जागा, गट, तास आणि गृहपाठ सगळेच एकदम बदलले, तर कशाने फरक पडला, ते कळत नाही. चार आठवड्यांनी तीच नोंद पुन्हा पाहावी. उशिरा येण्याचे दिवस आठवरून तीनवर आले, तर बदल चालू ठेवावा. फरक पडला नाही, तर आपला अंदाज चुकला, असे समजून पुन्हा विचारपूस करावी. एका मुलाच्या एका महिन्यावरून पद्धत सिद्ध झाल्याचे केंद्रप्रमुखांसमोर सांगण्याची घाई करू नये.

कपाट, मोबाइल आणि सूचनाफलक

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हे सर्वसाधारण तत्त्व घालून देतो. शाळेतील गळती मात्र संगणकातून कमी आणि सवयीतून अधिक होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना भर वर्गात उभे करून जात विचारली जाते, ‘ज्यांच्या वडिलांचे उत्पन्न एवढ्याहून कमी आहे त्यांनी हात वर करा’ असे सांगितले जाते, कमी वजनाच्या मुलांची यादी फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते. या तिन्ही गोष्टी आजपासून बंद करता येतात. आरोग्य आणि घरच्या परिस्थितीच्या नोंदी कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात, विषयशिक्षकांना त्यातील कृती तेवढी सांगावी, कारण सांगू नये. ‘याला पाणी प्यायला आणि बाहेर जायला अडवू नका’ एवढे सांगितले, की त्यांचे काम भागते. एखाद्या पालकाने आपल्या मुलाबद्दल काय लिहिले आहे, ते वाचायला मागितले, तर वही पुढे करता आली पाहिजे. लिहितानाच तो पालक शेजारी बसला आहे असे समजावे.

वर्षाअखेरचे हस्तांतर

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास भरतात, तेव्हा नव्या वर्गशिक्षकाच्या हाती संचयी नोंदपत्रक येते. माझ्या त्या पाचवीतील मुलीच्या बाबतीत पुढच्या वर्षीच्या शिक्षिकांनी पहिल्याच आठवड्यात तिला दाराजवळ उभे केले होते, कारण त्यांनी माझा शेरा वाचला होता. टँकरची हकिगत मला कळली होती, पण ती मी कोठेच लिहिली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक मुलासाठी फक्त तीन ओळी लिहू लागलो. काय दिसले, काय करून पाहिले आणि त्यातून काय झाले. तिच्यासाठी त्या ओळी अशा असायला हव्या होत्या : ‘एक दिवसाआड पंचवीस-तीस मिनिटे उशीर, घरी पाणी भरण्याचे काम. वाचनाचा तास तिसरा केल्यावर एकही वाचनपाठ बुडाला नाही. या वर्षी नळ आला का, ते विचारावे.’